बेचाळीसशे डॉलरचं पत्र

ज्या माणसाच्या तळघरात मी पावणेदोन वर्षं भाड्याने राहिलो, त्याच्याबद्दल वाईट लिहावं की नाही, हे मला बरेच दिवस ठरवता येत नव्हतं. आमच्या घरात वडीलधाऱ्यांबद्दल वाईट बोलायची पद्धत नाही. म्हणून आधी चांगलं लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, ‘काका अतिशय नीटनेटके होते.’ दुसरं काही सुचेना.

नीटनेटके ते होतेच. पण कोणासाठी, हा प्रश्न होता. पुढे कधीतरी एक गिऱ्हाईक येणार होतं, आणि त्या घरातली प्रत्येक वस्तू त्याच्यासाठी राखून ठेवलेली होती. काका स्वतः तिथे राखणदारासारखे राहत. सोफ्यावर प्लॅस्टिक होतं, टीव्हीच्या रिमोटवर प्लॅस्टिक होतं. मायक्रोवेव्हच्या बटणांवर कारखान्यात चिकटवलेला निळा कागद अकरा वर्षांनंतरही तसाच होता, त्यामुळे कुठलं बटण कशाचं हे फक्त काकूंना पाठ होतं. घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा खोका थर्माकोलसकट गॅरेजमध्ये रचलेला होता. काकू फोडणी घरात करत नसत. मागच्या लाकडी डेकवर विजेची शेगडी होती, तिथे करत. घराला मसाल्याचा वास लागला तर अमेरिकन माणूस पाच टक्के कमी देतो, असं काकांचं म्हणणं. जानेवारीत, गुडघाभर बर्फात, कोट आणि कानटोपी घालून काकू मोहरी तडतडायची वाट बघत उभ्या असत. घर विकायचं होतं का? नव्हतं. मी गेलो तेव्हाही नव्हतं आणि निघालो तेव्हाही नव्हतं.

“विकायला गेलं की कळतं,” हे काकांचं आवडतं वाक्य. कुठल्याही विषयावर ते चालायचं. राजकारण, लग्नं, शिक्षण. ते तीस वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या या गावात आले, सिव्हिल इंजिनिअर म्हणून नोकरी केली आणि नुकतेच रिटायर झाले होते. येताना खिशात आठ डॉलर होते, असं त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. गणपतीला जमलेल्या लोकांना सांगताना सात झाले. तळघरातला माझा रूममेट नागपूरचा होता. तो माझ्या कानात म्हणाला, “थांब बे, पुढच्या वर्षी हे उधारीवर आले होते म्हणून सांगतीन.”

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये पत्रेकाम करायचे. ठोकर लागलेल्या गाडीचा पत्रा सरळ करणं, पुट्टी भरणं, घासणं, रंगाला तयार करणं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. हे मी काकांना सांगितलं तेव्हा मला थोडा अभिमान वाटत होता, हे कबूल करतो. काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“म्हणजे पहिलंच मॉडेल,” ते म्हणाले. “अरे, पहिल्या मॉडेलमध्ये नेहमी प्रॉब्लेम असतात. लोक दुसऱ्या वर्षाची वाट बघतात.”

मी हसलो. ते काका होते, मी भाडेकरू होतो, आणि हसण्याशिवाय काय करायचं हे मला माहीत नव्हतं. रात्री कॅम्पसच्या मेसमध्ये ताटं धुताना ते वाक्य आठवलं आणि मग राग आला. माझा राग नेहमी असा उशिरा पोचतो.

दोन हजार सहा साली मे महिन्यात माझं मास्टर्स संपणार होतं. मार्चमध्ये नोकरी मिळाली, डोंगरापलीकडच्या एका लहान गावात, काचेच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत. पंचेचाळीस मैल. कॅम्पसच्या बसेस गावाच्या वेशीपाशी संपतात, पलीकडे जाणारी बस नाही. गाडी हवीच होती. ऐन जुलैत रुजू व्हायचं होतं.

काकांकडे चंदेरी रंगाची, चार दारांची, पाच वर्षांची गाडी होती. ती त्यांनी जेमतेम बावीस हजार मैल चालवली होती. मीटर वाढतो म्हणून ते जवळच्या दुकानात चालत जात. “तू घे,” ते म्हणाले. “बाहेर सात मिळतील. पण मराठी मुलगा आहेस, साडेसहा हजार दे. हजार आत्ता दे, म्हणजे मी दुसऱ्याला शब्द देणार नाही.”

मी हजाराचा चेक दिला. पावती मागितली नाही. काकांकडे पावती मागणं मला उद्धटपणाचं वाटलं. रूममेटला सांगितलं तर तो पलंगावरून उठूनच बसला. “पावती नाही घेतली? या माणसाकडून? अरे, जो माणूस टोस्टरची पावती लॅमिनेट करून ठेवते, त्याले तू तसाच चेक देऊन राहिला?”

एप्रिलमध्ये अपघात झाला. मी गाडीतच होतो. तांदळाचं पोतं आणायला काका मला बरोबर घेऊन गेले होते, कारण पोतं मी उचलायचं होतं. सिग्नलला आम्ही उभे असताना मागून एका पिकअपने धडक दिली. कोणालाही काही लागलं नाही. पिकअपमधून एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा धावत आला. “सर, तुम्ही ठीक आहात ना? सर?”

काका खाली उतरले. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि रस्त्यात मोठ्याने म्हणाले, “नो! द व्हॅल्यू इज गॉन!”

तो मुलगा बिचारा रडायला लागला. कोणीतरी गेलं असं त्याला वाटलं असावं.

चूक त्या मुलाची होती, त्यामुळे दुरुस्तीचे पैसे त्याच्या विमा कंपनीने भरले. तीन आठवड्यांनी गाडी चकचकीत होऊन आली. मला वाटलं, विषय संपला. काकांचा तर आत्ता सुरू झाला होता. कुठूनतरी त्यांना कळलं की गाडी दुरुस्त झाली तरी तिच्या नंबरावर अपघाताची नोंद राहते, विकताना गिऱ्हाईक ती नोंद काढून बघतं आणि कमी पैसे देतं. आणि ही जी घट होते, तीही समोरच्याच्या विमा कंपनीकडून मागता येते. दुरुस्तीचे वेगळे, घटीचे वेगळे.

हे ऐकल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जे आलं, त्याला मी दुसरा शब्द शोधला पण सापडला नाही, समाधान म्हणतो. तीस वर्षं ज्या गोष्टीसाठी ते प्लॅस्टिकवर बसत होते, तिला या देशाच्या कायद्यात जागा होती. त्यांनी नवी फाइल केली. रोज सकाळी दहा वाजता ते विमा कंपनीच्या बाईंना फोन करत. त्या बाईंचा आवाज स्पीकरवर खाली तळघरात ऐकू यायचा. अतिशय शांत बाई. काका त्यांना “माय डिअर लेडी” म्हणत.

“सर, घट झाली हे मला मान्य आहे,” त्या म्हणत. “किती झाली, याचा काहीतरी पुरावा द्या.”

“माझा शब्द हा पुरावा नाही का?”

“नाही, सर.”

एका रविवारी काका मला गॅरेजमध्ये घेऊन गेले. गाडी बघून मी सवयीने मागच्या चाकावरच्या पत्र्यावर बोटाच्या पेरांनी टकटक केलं. लहानपणी वर्कशॉपमध्ये वडिलांचा डबा घेऊन जायचो, तेव्हा त्यांनी शिकवलं होतं. नुसता पत्रा खणखणीत वाजतो, पुट्टी भरली असेल तिथे आवाज बसतो. इथे आवाज बसला.

“काका, इथे पुट्टी आहे,” मी म्हणालो. “बऱ्यापैकी जाड. डिकीचं झाकणही डाव्या बाजूला जरा वर राहतंय. आणि रंग बघा, उन्हात वेगळा दिसेल.”

काकांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं आधी कधी बघितलं नव्हतं. “अरे, तुला कळतं की यातलं!” मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. त्यांनी निळी चिकटपट्टी आणली. मी टकटक करत गेलो, जिथे जिथे आवाज बसला तिथे पट्टी लावत गेलो, आणि काकांनी फोटो काढले. संध्याकाळपर्यंत गाडीचा मागचा भाग निळ्या पट्ट्यांनी भरला. काकूंनी बाहेर येऊन विचारलं, “गाडीला देवी आल्यात का हो?” काकांनी त्यांना आत जायला सांगितलं.

मग काका मुद्द्यावर आले. “तू पत्र लिहायचंस. मी ही गाडी साडेसहाला घेणार होतो, अपघात झाल्यावर मी नकार दिला, आता फार तर इतके देईन. गिऱ्हाइकाचं पत्र, याच्याइतका पुरावा नाही.”

“पण काका, मी नकार दिला नाहीये.”

“मग दे.”

“म्हणजे?”

“आत्ता दे. एक मिनिट नकार दे, पत्र लिही, मग पुढचं पुढे बघू. नकार द्यायला तुला कोणी अडवलंय?”

मी दोन दिवस मागितले. एवढी साधी गोष्ट, पण मला खोटं लिहायचं नव्हतं आणि नाही म्हणायचंही जमत नव्हतं. फोनकार्ड घेऊन घरी फोन लावला. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पैशाचं काही विचारलं नाही. “चारही चाकं एका रेषेत चालतात का?” एवढंच विचारलं. चालत होती, मी बघितलं होतं. “मग गाडी वाईट नाही. पण ठोकलेली ती ठोकलेली. मी असतो तर एक तृतीयांशाहून थोडे जास्तच कमी केले असते. तसं लिही. खरं असेल ते लिहायला काय भ्यायचं?”

मी तसंच लिहिलं. पुट्टी कुठे कुठे आहे, डिकीचं झाकण किती वर राहतं, रंग कुठे वेगळा दिसतो. गाडी चालायला चांगली आहे, हेही लिहिलं. माझे वडील चौतीस वर्षं हेच काम करतात आणि त्यांना विचारून मी लिहितोय, हेही लिहिलं. शेवटी, साडेसहा हजार मी देणार नाही, बेचाळीसशेच्या वर माझ्या मते या गाडीची किंमत नाही. सही केली. काकांनी वाचलं. ‘चालायला चांगली’ हे वाक्य त्यांना खुपलं, पण तोवर मी खाली निघून गेलो होतो.

विमा कंपनीच्या बाईंनी मला एकदा फोन केला. पत्र तुमचंच का, किंमत कशी काढली, असं विचारलं. मी सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, “तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. या फाइलमध्ये कळेल असा एवढा एकच कागद आहे.” जूनमध्ये काकांना तेवीसशे डॉलर मिळाले. साडेसहा उणे बेचाळीसशे, पूर्ण.

काका खूश. शिरा झाला, डेकवर. मला वर बोलावलं आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. “चल, तुझंही काम करून टाकू. हजार दिलेस, साडेपाच राहिले.”

मी वाटीतला शिरा तसाच ठेवला. “काका, पत्रात तर बेचाळीसशे...”

“ते पत्र त्यांच्यासाठी होतं.”

“पण त्यांनी तुम्हाला घट दिली ना? तेवीसशे?”

“नुकसान कोणाचं झालं? माझं. पैसे कोणाला मिळाले? मला. तुझं काय नुकसान झालं?” काकांचा आवाज चढला नव्हता. ते मला समजावून सांगत होते, जसं लहान मुलाला सांगतात. “आणि गाडीला झालंय काय? मागचा बंपर नवाकोरा. दिवे नवे. खरं म्हणजे मी सात मागायला हवेत. साडेसहावर थांबलो, का? शब्द दिला म्हणून.”

“तिथे पुट्टी आहे, काका. बाबा म्हणाले...”

“तुझ्या बाबांना एसटीचे डबे ठाऊक. ही फॉरेनची गाडी आहे.”

हे त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. त्याच टेबलावर त्यांची फाइल होती आणि फाइलमध्ये माझ्या बाबांच्या चौतीस वर्षांवर मिळवलेला चेक होता. ते थट्टा करत नव्हते, खोटंही बोलत नव्हते. कंपनीशी बोलताना गाडी मोडकी होती, माझ्याशी बोलताना नवी होती, आणि दोन्ही वेळा काका मनापासून बोलत होते. मला वाटतं, लबाड माणसाला निदान आपण लबाडी करतोय एवढं तरी कळत असावं. काकांना तेवढाही त्रास नव्हता.

मी म्हणालो, “मग मला नको. माझे हजार तेवढे द्या.” शेवटी ‘जमलं तर’ असंही म्हणालो, सवयीने.

काकांनी फाइल उघडली. माझंच पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “साडेसहा हजार मी देणार नाही. सही कोणाची? तूच लिहून दिलंस की तू मागे फिरलास. मागे फिरणाऱ्याचा ॲडव्हान्स जातो. जगात कुठेही विचार.”

तळघरात येऊन रूममेटला हे सांगितलं, तर त्याने आधी कपाळावर हात मारला. मग म्हणाला, “हजार गेले ते गेले, पण माणूस ग्रेट आहे यार. मी असतो तर मला सुचलंच नसतं.”

जुलैत मी ती खोली सोडली. कारखान्याजवळ एक खोली मिळाली, कामावर चालत जाता येई. भाजीला जायचं तर मशीनवरची एक बाई शनिवारी तिच्या गाडीतून न्यायची. पहिल्या पगारातून घरी पाठवायचे म्हणून ठरवलेले पैसे पाठवता आले नाहीत, कारण काकांकडे राहिलेल्या हजारातून खोलीचं जे डिपॉझिट भरता आलं असतं, ते पगारातून भरावं लागलं. बाबांना कारण सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

ऑगस्टच्या मध्यावर काकांचा फोन आला. आवाजात मध. “अरे, किती दिवसांत आला नाहीस! काकू आठवण काढते. तुझे ते हजार पडलेत माझ्याकडे. येऊन घेऊन जा.”

शनिवारी मशीनवरच्या बाईंना विनंती करून मी गेलो. काकांविषयी मी जे जे वाईट बोललो होतो त्याची वाटेत मला लाज वाटत होती. दार काकूंनी उघडलं आणि पाणी आणून दिलं. प्लॅस्टिकच्या सोफ्यावर एक नवा मुलगा बसला होता. पुण्याहून चारच दिवसांपूर्वी आलेला, तळघरात माझ्याच खोलीत राहणारा. ताठ बसला होता, मी बसायचो तसा. काकांनी त्याला काहीतरी आणायला खाली पाठवलं आणि टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. हजाराचा चेक, माझ्या नावाने, सही केलेला. आणि एक कोरा कागद.

“या पोराला गाडी हवीय,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण त्याच्या मोठ्या भावाने फोनवर नाही ते डोक्यात भरवलंय. कोणीतरी जाणकाराने बघितलीय का, विचारतो. मी म्हटलं, आमचा एक मुलगा आहे, त्याचे वडील याच लाइनमधले, चौतीस वर्षं. तू दोन ओळी लिहून दे. गाडी तपासली, फर्स्ट क्लास आहे. साडेसहाला स्वस्त आहे.”

“काका...”

“अरे, एक पत्र घट झाली म्हणून लिहिलंस, आता एक भर पडली म्हणून लिही. फिट्टंफाट. चेक उचल आणि जा. मला कोणाचे पैसे ठेवायचे नाहीत.”

चेककडे मी बघितलं. मी फार धीट माणूस आहे असं कोणी समजू नये. त्या वेळी माझ्या बँकेत दोनशे सत्तर डॉलर होते. नोव्हेंबरमध्ये डोंगरावर बर्फ पडणार होतं आणि माझ्याकडे गाडी नव्हती. दोन ओळींनी काय होतं, हा विचार माझ्या मनात आला. तो मुलगा माझा कोण लागतो, हाही आला. आणि गाडी चालायला चांगली होतीच, ते तर मीच लिहिलं होतं.

खिशातून पेन काढलं. काका समाधानाने मागे टेकले, सोफ्याचं प्लॅस्टिक कुरकुरलं. मी सावकाश लिहिलं. दोन ओळींच्या सात-आठ ओळी झाल्या. पहिलं पत्र कंपनीसाठी इंग्रजीत होतं, हे त्या मुलासाठी म्हणून मराठीत लिहिलं. सही केली आणि कागद काकांकडे सरकवला.

काकांनी चष्मा लावला. पहिल्या दोन ओळी वाचेपर्यंत त्यांचा चेहरा तसाच होता. मागच्या चाकावरचा पत्रा. डिकीचं झाकण, डावी बाजू. उन्हातला रंग. मग ते भराभर शेवटच्या आकड्यापर्यंत गेले आणि त्यांनी मान वर केली. जिन्यावर त्या मुलाची पावलं वाजत होती.

“अरे, हे तर तेच पत्र आहे!”

“गाडीही तीच आहे, काका,” मी म्हणालो. चेक टेबलावरच राहिला, आणि मुलगा दारातून आत येऊन कधी माझ्याकडे, कधी त्या कागदाकडे बघत उभा राहिला.